कुसळीचा पीळ

घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की शिनोली येते. घोड नदीकाठची हिरवी शेतं मागे टाकून मुरमाड टेकाडावर चढावं, तर दिवाळीच्या सुमारास पायजम्याला, मोज्यांना काळपट कुसळं चिकटतात. ही कुसळी.

ओळख

शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेला. १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 'कॉन्टॉर्टस' हे नाव ठेवलं, तेव्हा पिकलेल्या कणसांचा एकमेकांत गुंतलेला झुबका त्याच्या नजरेत भरला असावा. गवत बहुवर्षायू आहे: उन्हाळ्यात वरचं सगळं वाळतं, ठोंब मात्र तग धरतो. म्हणून ते अरवलीच्या खडकाळ उतारांवर टिकतं, तसंच अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातही. हवाई बेटांवर त्याला 'पिली' म्हणतात. तिथे पूर्वी घरं याच गवताने शाकारत.

कुसळाची करामत

एक सुटं कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. क्षणभराने ते वळवळू लागतं, अळीसारखं! कुसळाचा खालचा भाग वाळताना पीळ घेतो, ओला झाला की पीळ सोडतो. टोकाला अणकुचीदार दाणा, त्यावर मागे वळलेले ताठ केस. त्यामुळे दाणा पुढे सरकतो, मागे येत नाही. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन आलटून पालटून मिळालं की तो स्वतःच मातीत घुसतो. नांगर, पाभर, काही नको.

चारा की काटा?

मेंढ्यांच्या लोकरीतही हा दाणा असाच घुसतो, थेट कातडीपर्यंत. गुरांच्या तोंडात जखमा होतात त्या वेगळ्याच. पण कुसळीला सरसकट निकामी ठरवणं मला पटत नाही. फुलोरा येण्याआधीचं कोवळं गवत जनावरं आवडीने खातात. खरी चूक कापणीच्या वेळेची. कुसळं धरायच्या आत विळा लागला तर पेंढ्या बांधाव्यात असा चारा. नंतर उरतं ते नुसतं काड.

वणवा

माळ जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, असं म्हणतात. येतं खरं, पण कोणतं? झाडांची रोपं होरपळतात. कुसळीचे दाणे मातीत शिरून बसलेले असतात आणि ठोंबही बहुधा वाचतो. पहिल्या पावसानंतर काळ्या राखेतून आधी तीच डोकं वर काढते.