काट्याभोवती जमलेल्या पेशी

बसा पोरांनो, तो रक्ताचा रिपोर्ट ठेवा जरा बाजूला, आधी सिसिली बेटावरची गोष्ट ऐका. 1882 साली तिथल्या मेसिना गावी मेचनिकॉव्ह नावाचा रशियन शास्त्रज्ञ बिऱ्हाड करून राहिला होता. एके दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि हा गडी एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसला, समोर तारामाशाची पाण्यासारखी नितळ पिल्लं घेऊन. अंगात काही घुसलं तर या पिल्लांच्या भटक्या पेशी काय करतील, असं त्याच्या मनात आलं, तसा तो उठला, अंगणातले गुलाबाचे काटे आणून त्यानं पिल्लांच्या कातडीखाली खुपसले, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही त्याचा. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा हा गराडा! पुढं 1908 साली त्याला नोबेल मिळालं.

तशाच राखणदार पेशी आपल्या रक्तात हिंडतात, घनमिलिमीटरला साधारण 4,000 ते 11,000. आकडा त्याखाली घसरला की घरादाराच्या तोंडचं पाणी पळतं. पण ही मोजणी म्हणजे जत्रेच्या वाटेवर चालणारी माणसं तेवढी मोजायची आणि पारावर टेकलेली सोडून द्यायची, तशातली. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिलांचा भरणा मोठा, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या रक्तवाहिनीच्या भिंतीला बिलगून असतात, सुईत येतच नाहीत. माणूस धावतपळत जिना चढला की त्या सुटतात आणि आकडा वर जातो. हाडातल्या मगजात तर याहून मोठा साठा.

डेंगीत, टायफॉइडात पांढऱ्या पेशी उतरतात आणि दुखणं हटलं की बहुधा आपोआप भरून येतात. बी-12 कमी पडलं तरी उतरतात. आफ्रिकेतली नवलाई मात्र ऐकण्यासारखी. तिथल्या कित्येकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं, आणि वायवॅक्स मलेरियाचा जंतू त्यालाच धरून आत शिरत असल्यानं या लोकांना तो सहसा बाधत नाही. पण त्याच वाणामुळं त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल जन्मभर कमी दिसतात, आणि तरी माणसं ठणठणीत! अशा निरोगी लोकांच्या मागं नको त्या तपासण्या लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून एकूण आकडा बघून थांबू नये, न्यूट्रोफिल किती ते विचारावं. 1,500 च्या खाली ते कमी, 500 च्या खाली मात्र खरा धोका. कॅन्सरच्या केमोथेरपीनंतर असं होतं. पू म्हणजे बराचसा लढून मेलेल्या याच पेशी, त्यामुळं त्या नसल्या की जखमेत पू धरत नाही, सूज नाही, लाली नाही, अंगात जंतू माजले तरी बाहेर काही दिसत नाही. ताप तेवढा येतो. अशा पेशंटाला 100.4 फॅरनहाइट ताप भरला तर उजाडायची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं, आणि तिथले डॉक्टरही जंतू कोणता ते कळायच्या आतच अँटिबायोटिक शिरेतून सुरू करतात.