यादीत कोण? (भाग ६) : आठशे शब्द लिहिणार कोण?

२०१७च्या पद्म पुरस्कारांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे १८,७६८ शिफारशी आल्या होत्या. त्यातल्या ४,२०८ एकट्या ‘डेरा सच्चा सौदा’ पंथाचा बाबा गुरमीत राम रहीम याच्या नावाच्या होत्या. म्हणजे साधारण साडेचार अर्जांमागे एक. त्यातले पाच अर्ज तर खुद्द बाबांनीच स्वतःसाठी भरलेले. पुरस्कार काही मिळाला नाही. २०१७च्याच ऑगस्टमध्ये बलात्काराच्या खटल्यात त्याला शिक्षा झाली, तेव्हा हे आकडे बातम्यांत आले आणि लोकांनी कपाळावर हात मारून घेतला.

मला यात गंमत वाटते ती वेळेची. ‘आता कोणीही कोणाचंही नाव ऑनलाइन सुचवू शकतो’ असं सरकारने जाहीर केलं आणि पहिल्याच फेरीत हे घडलं. मागच्या भागात आपण विकिपीडियाकडे पाहिलं होतं. डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेख मे २०१८मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला आणि ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. राहून गेलेल्या बायकांच्या याद्या करून त्यांच्यावर लेख लिहिणाऱ्या ‘विमेन इन रेड’च्या स्वयंसेवकांचं कामही पाहिलं. लोकांनी नावं सुचवली की यादीतली भोकं भरतात, असा त्या भागाचा सूर होता. आज आपल्याच देशातल्या एका यादीवर तो सूर कितपत लागतो, ते बघू.

पद्म पुरस्कार १९५४पासून दिले जातात. सामान्य माणसाला नाव सुचवायची पूर्वी बंदी होती, असं नाही. कागदावर ती मुभा होतीच, पण ती आहे हेच फार थोड्यांना ठाऊक होतं. नावं यायची ती राज्य सरकारांकडून, केंद्रीय मंत्रालयांकडून, खासदार-मंत्र्यांकडून, आधीच्या भारतरत्न आणि पद्मविभूषण मानकऱ्यांकडून. माहिती अधिकारात या शिफारशी बाहेर आल्या तेव्हा मोठमोठ्या माणसांनी आपल्याच गोतावळ्यातली, घरातली, शिष्यांतली नावं पाठवलेली दिसली. त्यात कपट असेलच असं नाही. माणूस ओळखीतलंच नाव सुचवणार. प्रश्न इतकाच, की दिल्लीत ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांच्या ओळखीत कोण असतं?

तरीही जुन्या पद्धतीत सगळा अंधारच होता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर. कोल्हाटी समाजातल्या, लावणी जगलेल्या बाईला उशिरा का होईना, पण ऑनलाइन नामांकनाचं पोर्टल येण्याच्या आधीच.

नवी पद्धत आल्यावर अर्जांचा पूर आला. २०१४मध्ये जेमतेम २,२०० नामांकनं होती, ती २०१९च्या पुरस्कारांसाठी पन्नास हजारांच्या घरात गेली. या पुराचं करायचं काय, याची व्यवस्था मात्र जुनीच. पंतप्रधान दरवर्षी एक समिती नेमतात, कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृह सचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा नामवंत तिच्यात असतात. समितीची शिफारस पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जाते. मरणोत्तर, परदेशी आणि अनिवासी वगळता एका वर्षात १२०पेक्षा जास्त पुरस्कार द्यायचे नाहीत, असा दंडक आहे. हे मतदान नव्हे. चार हजार अर्ज आले म्हणून नाव पुढे सरकत नाही, आणि एकच अर्ज आला म्हणून मागेही पडत नाही. माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. अर्जांची संख्या मोजायची ठरली असती तर यादी भक्तसंप्रदायांच्या आणि समाजमाध्यमांवरच्या फौजांच्या ताब्यात गेली असती.

मग फरक पडला का? फोटो पाहाल तर नक्कीच पडला. नोव्हेंबर २०२१मध्ये राष्ट्रपती भवनाच्या गालिच्यावरून अनवाणी चालत गेलेल्या कर्नाटकातल्या हालक्की आदिवासी तुळसी गौडा सगळ्यांना आठवतात. आपल्याकडची नावंही कमी नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण वालाचे, भाताचे, भाजीपाल्याचे किती गावठी वाण त्यांनी घरात जपून ठेवलेत! बियाणं उधार न्यायचं आणि पीक आलं की दुप्पट परत करायचं, अशी त्यांच्या बीज बँकेची रीत. त्यांना २०२०ची पद्मश्री मिळाली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर आदिवासी समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या सांभाळल्या, गुरांच्या गोठ्यात त्यांचं संग्रहालय उभं केलं. त्यांना २०२१मध्ये मिळाली. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र चालणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीवरचे गडचिरोलीचे परशुराम खुणे २०२३च्या यादीत आले. आणि धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याचे चैत्राम पवार २०२५च्या. उघडं-बोडकं रान गावाने नियम करून, दंड लावून पुन्हा उभं केलं, ते जंगल आज सुमारे चारशे हेक्टर भरतं. त्याच पाड्यावरची रानभाज्यांची स्पर्धा आता दूरदूरहून माणसं बघायला येतात.

फोटो बाजूला ठेवून आकडे पाहिले की मात्र सूर बदलतो. पद्म मानकऱ्यांत महिला किती, हे सरकारच जाहीर करतं. २०१९मध्ये ११२पैकी २१. २०२०मध्ये १४१पैकी ३४. २०२२मध्ये १२८पैकी ३४, म्हणजे चौथ्या हिश्शाच्या थोडं वर. मग २०२३मध्ये १०६पैकी १९ आणि २०२५मध्ये १३९पैकी २३, म्हणजे पुन्हा सहाव्या हिश्शावर. एखादं वर्ष चांगलं, की पुढचं घसरलेलं. दार सताड उघडून इतकी वर्षं झाली, तरी तीन मानकऱ्यांत एक बाई असं एकदाही झालेलं नाही. पोर्टलवर सरकारच आवाहन करतं, की महिला, दुर्बल घटक, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांच्यातली गुणी माणसं शोधा आणि सुचवा. पण प्रसिद्धीपत्रकात मोजदाद असते ती मुख्यतः महिला, परदेशी आणि मरणोत्तर यांची. आदिवासी किती, दलित किती, दिव्यांग किती, हे त्यात सांगितलं जात नाही. ज्यांना शोधायला सांगता, त्यांची मोजणीच करायची नाही, हा काय प्रकार आहे?

नियमांतही एक खोच आहे. सरकारी नोकरीत असलेल्यांना पद्म मिळत नाही, अपवाद डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर पात्र, आणि त्यांच्याच केंद्रातली, तीस वर्षं पाड्यापाड्यावर बाळंतपणं करणारी नर्सताई अपात्र. अंदमानात ओंगे आदिवासींमध्ये काम केलेल्या परिचारिका शांती तेरेसा लाकरा यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, हे खरं. पण नियम वाकवायला लावणारं नाव कितीदा येणार? आरोग्यसेवेत डॉक्टर कोण आणि नर्स कोण, हे लक्षात घेतलं तर या एका ओळीने कोणाचं नाव मुळातच कमी होतं, ते सांगायला नको.

आता मुख्य अडचण. वर घेतलेली नावं पुन्हा वाचा. राहीबाईंच्या कामाला ‘बाएफ’सारख्या जुन्या संस्थेची साथ होती, त्यांच्या वाणांची नोंद झालेली होती. चैत्राम पवारांच्या मागे वनवासी कल्याण आश्रमाचं जाळं होतं. यात त्यांचं श्रेय तसूभरही कमी होत नाही. पण ज्यांच्या मागे कोणी कागद जमवणारं, फोटो काढणारं, वर्षवार टिपण ठेवणारं नव्हतं, त्यांचं काय? दार उघडं असलं तरी आत येण्यासाठी अर्ज लागतो. तो अर्ज लिहायचा म्हणजे पोर्टलवर नोंदणी, माहितीचे रकाने आणि शेवटी जास्तीत जास्त ८०० शब्दांत त्या व्यक्तीच्या कामाचं वर्णन. स्वतःचं नाव स्वतः पाठवायची सोय आहे. पण ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं, त्या बाया-माणसांच्या स्वप्नातही ते येणार नाही. स्वतःचा अर्ज भरणारे कोण असतात, ते आपण सुरुवातीला पाहिलंच.

म्हणून सगळा भार येतो तो शेजारच्या माणसावर : शाळेतले गुरुजी, ग्रंथपाल, तालुक्याचा वार्ताहर, बँकेतून निवृत्त झालेले काका, कॉलेजात शिकणारी पोरगी. आणि इथेच आपला मराठी स्वभाव आडवा येतो. आपल्याला गौरवाचं लिहायला सांगितलं की आपण सत्काराचं मानपत्र लिहितो. ‘समाजाची निःस्वार्थ सेवा करणाऱ्या, आदर्श माता, थोर समाजसेविका, त्यागमूर्ती…’ असे आठशे शब्द वाचून समितीला काय कळणार? हजारो अर्ज असेच.

परशुराम खुण्यांची पद्मश्री जाहीर करताना जी एका ओळीची ओळख दिली गेली तिच्यात होतं : पाच हजारांहून अधिक प्रयोग, ८०० निरनिराळ्या भूमिका. विशेषण एकही नाही, आणि तरी वाचणाऱ्याने खुर्चीत सावरून बसावं. आकडा सांगतो, की हे काम कोणीतरी मोजलंय.

समजा, तुमच्या भागात पन्नाशी ओलांडलेली एक सुईण आहे. तिच्याबद्दल ‘हजारो बाळंतपणं केली’ असं लिहू नका. तिच्याजवळ बसा. कधीपासून करते, कोणाकडून शिकली, कोणकोणत्या पाड्यांवर जाते, पावसाळ्यात नदी भरली की काय करते, अडलेली बाई ओळखून दवाखान्यात पाठवायचं कसं ठरवते, हे विचारा. मग पाड्यावर फिरून तिच्या हातची किती माणसं आज चालती-बोलती आहेत, ते खरोखर मोजा. आशा कार्यकर्तीकडे, अंगणवाडीच्या वहीत बरंच सापडतं. मोजून तीनशे भरले तर तीनशेच लिहा. निवडीआधी सरकारी यंत्रणा माणसाची आणि कामाची चौकशी करतात. तिथे फुगवलेला आकडा तोंडघशी पाडतो, आणि तोंडघशी पडते ती बाई, तुम्ही नव्हे. तिच्या कामामुळे काय बदललं, हे शेवटी दोन वाक्यांत सांगा. आठशे शब्दांत हे सगळं मावतं, विशेषणं तेवढी गाळायची.

आणि तिला आधी विचारा. मान नको म्हणण्याचा अधिकार तिचाही आहे. तिला न सांगता गावात पेढे वाटायची तयारी करणारे महाभाग असतात, त्यांना आवरा.

सह्यांची मोहीम, व्हॉट्सॲपवर ‘ताईंना पद्म मिळालाच पाहिजे’चे संदेश, मंत्र्यांच्या शिफारसपत्रांची चवड यांचा खटाटोप मला निरर्थक वाटतो. त्या वेळात एखाद्या जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण शोधून जोडलंत तर उपयोग जास्त. स्थानिक पत्रकारांना तर माझं सांगणं आहे, की गावातल्या अशा माणसाबद्दल तारीख-आकड्यांसह एक नीट बातमी लिहून ठेवा. स्ट्रिकलंडबाईंच्या लेखाला विकिपीडियाने जे कारण दिलं, तेच इथेही लागू पडतं. ज्याच्याबद्दल कुठेच काही छापलेलं नाही, त्याचं काम सिद्ध करायचं कशाने?

पुरस्काराने पोट भरतं का, असं विचारणारे असतात. पद्ममध्ये पैसा नाही, रेल्वेची सवलत नाही, नावापुढे ‘पद्मश्री’ लावायलाही मनाई आहे. पदक आणि राष्ट्रपतींच्या सहीची सनद एवढंच. ते ज्याला क्षुल्लक वाटतं, त्याने गावातल्या एखाद्या आदिवासी म्हाताऱ्याकडे तलाठी कसा बघतो आणि त्याच्या घरी जिल्हाधिकारी सत्काराला आल्यावर कसा बघतो, हे एकदा पाहावं.

राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर नामांकनं दरवर्षी काही महिनेच खुली असतात. मुदतीच्या तारखा बदलत राहतात, तेव्हा पोर्टलवर बघून घ्या. शुल्क काही नाही. निवड प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी जाहीर होते. वाचकांपैकी प्रत्येकाने यंदा एकच नाव, नीट चौकशी करून, मोजून-मापून पाठवावं. आणि दोन नावांत तुमचं मन घोटाळलं, तर आधी बाईचं पाठवा.