विनयालयातून निघालेली साधना

अंधेरी पूर्वेला महाकाली लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर विनयालय आहे. जेजुइट संघात म्हणजेच येशूसंघात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांची ही पहिली पायरी असायची. १ जुलै १९४७ रोजी सांताक्रूझचा एक पंधरा वर्षांचा मुलगा इथे दाखल झाला. अँथनी डिमेलो हे त्याचं नाव. प्रार्थना कशी करायची हे पुढे जगभरातल्या लोकांना त्याच्या पुस्तकांनी शिकवलं.

येशूसंघात प्रवेश घेतला की पहिली दोन वर्षं मुख्य भर असतो तो देवाच्या सहवासाची सवय लावण्यावर. त्यात महिनाभराचं मौन असतं. त्याचा आराखडा संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं या सरदाराचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेला असताना तो येशूचं चरित्र आणि संतांच्या कथा वाचू लागला, तेव्हा एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार मनात आला, की आनंद बराच वेळ टिकायचा. मनातल्या या हालचाली बारकाईनं बघणं हाच त्याच्या आध्यात्मिक साधनेचा पाया ठरला.

या साधनेत शुभवर्तमानातला प्रसंग नुसता वाचून भागत नाही, साधकाला त्यात शिरावं लागतं. वादळात सापडलेल्या होडीत शिष्यांशेजारी बसायचं, लाटांचा मारा अनुभवायचा आणि झोपलेल्या येशूकडे बघायचं. शिवाय रोज दिवसाची उजळणी असते. आधी देवाचे आभार मानायचे, मग आपण कुठे त्याच्या जवळ होतो आणि कुठे दूर गेलो ते तपासायचं, क्षमा मागायची आणि उद्याचं ठरवायचं. पापांची यादी करणं एवढाच त्याचा हेतू नाही. सुरुवात आभारानं होते, हे महत्त्वाचं.

याच साधनेत घडलेल्या फादर डिमेलो यांनी बार्सिलोनात तत्त्वज्ञानाचा आणि शिकागोत मानसशास्त्राचा अभ्यास केला. १९७२ साली पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात त्यांनी एक संस्था सुरू केली. पुढे ती 'साधना' या नावानं ओळखली गेली. १९७८ च्या त्यांच्या पुस्तकाचं नावही 'साधना'च. त्याची सुरुवात फार साधी आहे: दहा मिनिटं गप्प बसा. नंतर अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श, श्वासाचं येणं-जाणं, कानावर पडणारे आवाज यांकडे लक्ष द्या. प्रार्थनेत मन भरकटतं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना ही पायरी मोठा आधार देते. जो स्वतःच्या श्वासापाशी क्षणभर थांबत नाही, तो देवापाशी कसा थांबणार?

याच पुस्तकात एका आजारी माणसाची हकीगत आहे. प्रार्थना जमत नाही म्हणून तो खचला होता. एका मित्रानं त्याला सुचवलं, की समोर रिकामी खुर्ची ठेव, त्यात येशू बसलाय असं समज आणि मित्राशी बोलतोस तसा त्याच्याशी बोल. त्यानं ते नेमानं केलं. मृत्यू आला तेव्हा त्याचं डोकं त्या खुर्चीवर टेकलेलं होतं. धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ जे समजावू शकत नाही, ते ही खुर्ची समजावते.

२ जून १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डिमेलो वारले. ते ५५ वर्षांचे होते. १९९८ साली रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळानं त्यांच्या लेखनावर आक्षेप घेतले. विशेषतः उत्तरकाळातल्या लेखनात देव अगदी निराकार होऊन येशूचं वेगळेपण पुसट होतं, असं मंडळाचं म्हणणं होतं. त्यांच्या लेखनात आत्मसंयमाला उपयोगी पडेल असं पौर्वात्य शहाणपण आहे, हेही मंडळानं मान्य केलं. तरी येशूच्या वेगळेपणाबद्दलचा आक्षेप ख्रिस्ती वाचकानं गांभीर्यानं घ्यायला हवा, कारण या श्रद्धेत देवाशी जवळीक म्हणजे नुसती मनःशांती नव्हे, ते येशूशी जडलेलं नातं आहे. 'साधना'तल्या खुर्चीवर मात्र येशूच बसलेला आहे.