मूलद्रव्यांचा खरा क्रम

१८६९ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह याने ज्ञात मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठराविक अंतराने तेच गुणधर्म पुन्हा प्रकट होतात असे त्यास आढळले. जेथे मेळ बसेना तेथे त्याने जागा रिकामी ठेवली, आणि एका अज्ञात मूलद्रव्यास संस्कृत अंकशब्द जोडून ‘एक-अ‍ॅल्युमिनियम’ असे नावही दिले. १८७५ मध्ये गॅलियम सापडले व ती जागा भरली.

तथापि एक कोडे उरले. टेल्युरियम आयोडिनहून जड. तरी गुणधर्म पाहता त्याला आधी बसवावे लागे. हा नियमभंग का व्हावा?

उत्तर अणूच्या अंतरंगात होते. १९१३ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री मोझली याने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले की, खरा क्रम वजनाचा नसून अणुकेंद्रावरील धनभाराचा, म्हणजे आजच्या भाषेत प्रोटॉनांच्या संख्येचा आहे. टेल्युरियमचे प्रोटॉन ५२, आयोडिनचे ५३. अणूत जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन. सर्वांत बाहेरच्या कक्षेत ते कसे मांडले आहेत, यावर मूलद्रव्याचा स्वभाव ठरतो. लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांच्या त्या कक्षेत एकेकच इलेक्ट्रॉन. म्हणून तिघे एकाच स्तंभात.

१९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणभूमीवर मोझली धारातीर्थी पडला. वय अवघे सत्तावीस! आज कोष्टकात ११८ मूलद्रव्ये आहेत. त्यांतील प्रत्येकाचे स्थान त्यानेच दाखविलेल्या क्रमाने ठरते.