विमानाचे उड्डाण ठरते ते मेजावर

रेडिओलहरींनी नियंत्रित होणारे छोटे विमान आकाशात वळणे घेताना पाहिले की, सारे कसब उडविणाऱ्याच्या बोटांत असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात हातातून सुटल्यावर पहिल्या पाच सेकंदांत विमानाचे काय होणार, हे बहुतांशी जोडणीच्या मेजावरच ठरलेले असते. महिना-दोन महिन्यांच्या संध्याकाळी खर्चून उभे केलेले विमान गवतात नाक खुपसते तेव्हा दोष वाऱ्याच्या माथी मारला जातो. खरा अपराधी बहुधा पिळवटलेला पंख किंवा मागे सरकलेला गुरुत्वमध्य असतो.

विजेवरचे असे विमान ब्रिटनमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी १९५७ सालीच उडविले होते. मात्र जड बॅटऱ्यांमुळे हा प्रकार दीर्घकाळ इंधनाच्या इंजिनांच्या मागेच राहिला. लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशविरहित मोटार यांनी २००० नंतर चित्र पालटले.

नवशिक्याने निवडावे ते उंच पंखाचे, सुमारे सव्वा मीटर विस्ताराचे बाल्साचे किट. सागवानाच्या जवळपास चौथा हिस्सा वजन असलेले हे लाकूड ब्लेडने सहज कापता येते. सपाट फळीवर आराखडा पसरून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायचे, टाचण्यांनी पट्ट्या व पंखाच्या बरगड्या जागच्या जागी धरायच्या आणि मगच गोंदाचा थेंब सोडायचा. गोंद जास्त म्हणजे जोड भक्कम, हा सुतारकामातला समज येथे घातक ठरतो. शेपटीत एक ग्रॅम वाढला, तर तोल साधण्यासाठी नाकात दोन-तीन ग्रॅम शिसे भरावे लागते आणि ते ओझे विमान प्रत्येक उड्डाणात वाहत राहते. सांगाड्यावरचे पातळ आवरण इस्त्रीने ताणताना पंख पिळला जातो. मागून एका डोळ्याने पाहिल्यास तो पीळ दिसतो. पुन्हा इस्त्री फिरवून तो काढता येतो.

यंत्रसामग्रीचा हिशेब सोपा आहे. शांतपणे उडणाऱ्या विमानाला दर किलोमागे दीडशे ते दोनशे वॅट शक्ती पुरते. म्हणजे ८०० ग्रॅमच्या विमानास सुमारे दीडशे वॅट. तीन सेलच्या ११.१ व्होल्ट बॅटरीतून त्यासाठी साधारण १४ अँपिअर प्रवाह लागतो. ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर त्यास निर्धास्त पुरा पडतो. मोटारीची चाचणी मेजावर घेताना प्रोपेलर काढून ठेवावा. तो बोटांची गय करीत नाही.

यानंतर येते ती निर्णायक कसोटी. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून पाच ते सहा सेंटिमीटरवर, दोन बोटांच्या टोकांवर विमान पेलून पाहायचे. ते आडवे किंवा किंचित नाक खाली घालून स्थिरावले पाहिजे. नाक जड असलेले विमान सुस्त उडते, पण उडते. शेपूट जड असलेले मात्र हातातून सुटताच नाक उचलून वेग गमावते व कोसळते. सुदैवाने बॅटरी हाच सर्वांत जड सुटा भाग असल्याने ती पुढे-मागे सरकवून तोल बहुधा साधतो. सुकाणू उलट्या दिशेने तर वळत नाही ना, हेही येथेच पाहावे. ही क्षुल्लक चूक अनुभवी हातांकडूनही घडते.

मैदानावर प्रथम ट्रान्समीटर, मग विमानाची बॅटरी, हा क्रम पाळून विमान वाऱ्याच्या तोंडावर, समतल सोडावे. वर फेकू नये. खरी भंबेरी उडते ती विमान आपल्याकडे परतताना, कारण तेव्हा डावे-उजवे उलटे भासते. जो पंख झुकला असेल त्याच बाजूला दांडी न्यावी, एवढे सूत्र अशा वेळी पुरते. संगणकावरील सिम्युलेटरवर काही तास घालविल्यास ते अंगवळणी पडते.

२,२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दहा-बारा मिनिटे साथ देते. दर सेलचा दाब तीन व्होल्टच्या खाली गेला, की ती खराब होते, म्हणून घड्याळ लावून उतरलेले बरे. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांचाही समावेश आहे. मैदान ठरविण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर तो भाग हिरव्या क्षेत्रात येतो का, हे पाहावे. विमानतळाच्या आसपास हा प्रयोग नकोच.

आपटलेल्या विमानाचे बाल्सा त्याच रात्री सांधता येते. आपटलेल्या बॅटरीचे तसे नाही. वरून धड दिसली, तरी ती काही वेळाने पेट घेऊ शकते. म्हणून ती गाडीत न ठेवता उघड्यावर, वाळलेल्या गवतापासून दूर ठेवून तासभर नजरेखाली असू द्यावी आणि फुगलेली आढळल्यास पुन्हा कधीही चार्ज करू नये.