बाजरीतले लोह आणि प्रयोगशाळेतले सांडपाणी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते नव्याने प्रसिद्ध केले. देशाच्या सहा विभागांतून जमवलेले ५२८ पदार्थ आणि त्यांतले १५१ घटक त्यांत आहेत. आहारतज्ज्ञांची सारी भिस्त अशा तक्त्यांवर असते. पण अन्नघटकाचा आकडा फुकट मिळत नाही. त्यासाठी आम्ल, द्रावक, वायू आणि वीज खर्ची पडते आणि मागे विषारी सांडपाणी उरते. अनास्टास आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. २०१३ मध्ये पोलंडमधल्या संशोधकांनी खास रासायनिक विश्लेषणासाठी आणखी बारा तत्त्वे सांगितली. तेव्हापासून मोजणाऱ्यांनी स्वतःचा कचराही मोजावा, हा आग्रह वाढत गेला.

आधी खनिजे पाहू. धान्य तीव्र नायट्रिक आम्लात, कधी परक्लोरिक आम्लाच्या जोडीने, उघड्या पात्रात तासन्‌तास उकळायचे, ही जुनी रीत. बंद पात्रातल्या मायक्रोवेव्हने ती पुष्कळ सुधारली. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा नमुना काही मिलिलिटर आम्लात विरघळतो आणि वाफा बाहेर पडत नाहीत. ब्राझीलमधल्या साओ कार्लोसच्या संशोधकांनी तर सौम्य केलेले आम्लही पुरते, हे दाखवून दिले. पुढचे मोजमाप करणाऱ्या प्लाझ्मा यंत्राला मात्र मिनिटाला १५ ते २० लिटर आर्गॉन लागतो. म्हणून हवेतल्या नायट्रोजनवर चालणारी प्लाझ्मा यंत्रेही आता बाजारात आली आहेत.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते बाजरीचे उदाहरण. पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या पीकसंशोधन संस्थेने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ हा लोहसमृद्ध वाण तयार केला. २०१२ मध्ये तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्याच्या किलोभर दाण्यांत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. असे वाण निवडायचे तर हजारो नमुने तपासावे लागतात, आणि प्रत्येक नमुना आम्लात विरघळवणे खर्चाला आणि पर्यावरणालाही परवडणारे नाही. पैदासकारांच्या मदतीला इथे एक्स-रे फ्लूओरेसन्स आले. दाण्यांवर क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडते. त्यावरून लोह आणि जस्त काही मिनिटांत कळते. आम्ल लागत नाही आणि दाणेही शाबूत राहतात. आयोडीन किंवा सेलेनियमसारख्या अत्यल्प घटकांसाठी मात्र ही पद्धत तोकडी पडते. दाण्यांना चिकटलेली मातीही लोहाचा आकडा फुगवते. म्हणून निवडक नमुने आम्लात विरघळवून प्लाझ्मा यंत्रावर पडताळावेच लागतात.

जीवनसत्त्वांचे काम अधिक नाजूक आहे. उष्णता, उजेड आणि प्राणवायू यांनी ती नासतात. अ आणि ई जीवनसत्त्वे वेगळी करायला खनिज तेलापासून मिळणारे, मज्जातंतूंना घातक असे हेक्झेन वर्षानुवर्षे वापरले गेले. त्याला एक पर्याय कार्बन डायऑक्साइडचा. ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पटींहून अधिक दाबाखाली तो द्रवासारखा विरघळवतो आणि वायूसारखा आत शिरतो. दाब उतरवला की तो उडून जातो, अर्कात अंशही उरत नाही. मात्र यंत्र महाग असते, आणि पाण्यात विरघळणाऱ्या ब आणि क जीवनसत्त्वांना त्याचा उपयोग नाही. २०११ मध्ये लायडन इथल्या शास्त्रज्ञांनी साखर, सेंद्रिय आम्ले, कोलीन अशा वनस्पतींतल्याच पदार्थांपासून बनणारी द्रावके पुढे आणली. ती उडून जात नाहीत, हा त्यांचा गुण. पण म्हणूनच अर्क त्यांच्यापासून सोडवणे अवघड जाते.

२००८ च्या मंदीत ॲसिटोनायट्राइल या द्रावकाचा जगभर तुटवडा पडला. कृत्रिम धागे आणि प्लास्टिक यांच्या उद्योगाचे हे उपउत्पादन जीवनसत्त्वे मोजणाऱ्या यंत्रांना रोज लागते. मागणी घटून कारखाने मंदावले आणि त्याची झळ प्रयोगशाळांना बसली. काही कामांत त्याची जागा इथेनॉल घेऊ शकते, आणि आपल्याकडे ते उसाच्या मळीपासून बनते. ते अधिक दाट असल्याने यंत्रावर दाब वाढतो, पण योग्य तापमानाला त्यावर मात करता येते.

हरित पद्धतीला दोन कसोट्या एकदमच लागू व्हायला हव्यात. आकडा प्रमाणित नमुन्याशी जुळला पाहिजे आणि मागे उरणारा कचरा घटला पाहिजे. चुकीचा आकडा स्वच्छ रीतीने मिळाला तरी चाचणी पुन्हा करावी लागते, म्हणजे कचरा दुप्पट. प्रत्येक पोषण अहवालात लोहाच्या आकड्याशेजारी दर नमुन्यामागे लागलेले आम्ल, द्रावक आणि वीज छापण्याचा नियम झाला, तर प्रयोगशाळांना आपापल्या पद्धती सुधारण्याचे खरे कारण मिळेल. हा नियम आपल्या कृषी विद्यापीठांनी आधी स्वतःला लावावा.