कपाटाचा दोष, भाडेकरूच्या माथी

जुलै उजाडला की मुंबई-ठाण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटांत तोच वाद सुरू होतो. वॉर्डरोबच्या मागच्या प्लायवर काळपट हिरवे ठिपके उठतात, चामडी पट्ट्यावर पांढरी लव धरते आणि घरमालक म्हणतो, ‘तुम्ही घर उघडत नाही, दमट कपडे तसेच कोंबता.’ भाडेकरूही मुकाट्याने डांबरगोळ्या आणतो. त्या कसरीला पळवतात. बुरशीचं काही वाकडं करत नाहीत. खरं तर या प्रकरणात राहणाऱ्याच्या टापटिपीचा वाटा लहान. कपाट कोणत्या भिंतीला टेकवलंय, हा मुद्दा मोठा.

बुरशीला वाहतं पाणी लागत नाही. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की तिचं भागतं. खोलीतली हवा २९ अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के धरा. पावसाळ्यात हे नेहमीचंच. दिवसभर पावसाचा मारा खाल्लेली बाहेरची भिंत २६ अंशांवर असेल, तर हीच हवा भिंतीलगत गार होताच ९५ टक्क्यांवर जाते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, बाष्प धरून ठेवायची तिची ताकद घटते. मोकळ्या भिंतीवरून पंख्याचा वारा फिरतो, म्हणून ती खोलीच्या तापमानाच्या जवळ राहते. कपाटामागे वारा पोचतच नाही. शेजारच्या खोलीत रात्रभर एसी चालत असेल तर मधली भिंतही अशीच गार पडते. मग आतल्या भिंतीला कपाट लावलेल्यांचीही सुटका नाही. वर खाद्य तयारच असतं: मागच्या बाजूचं उघडं प्लाय, चामडं, कांजी केलेल्या सुती साड्या.

‘मग खिडक्या उघडा की!’ पण बाहेरची हवाच ओलीचिंब असताना खिडकी घर कोरडं करत नाही. स्वयंपाकाची, न्हाणीघराची वाफ बाहेर घालवायला ती हवी, कपाट सुकवायला तिचा उपयोग नाही. ब्लीच फासलं तर डाग फिका होतो, पण सच्छिद्र प्लायमध्ये वर आणखी पाणी जिरतं. ओल शोषणारे डबे घट्ट बंद पेटीत बरे; फटींच्या वॉर्डरोबमध्ये ते अख्ख्या खोलीची हवा शोषत बसतात. कपाटात बल्ब लावायची जुनी युक्ती मात्र शास्त्राला धरून आहे. २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास उतरते. फक्त कपड्यांच्या गर्दीत तापलेला बल्ब ठेवणं म्हणजे आगीशी खेळ. त्यापेक्षा दारं सताड उघडून आत टेबलफॅनचा झोत सोडावा, किंवा ज्या खोलीत कपाट आहे तिथेच एसी कोरड्या मोडवर चालवावा.

गळतीचा आक्षेप मात्र खरा असू शकतो. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दिवस-दोन दिवस ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येतेय. रंगाचे पोपडे, लोणा हीदेखील त्याचीच खूण. ते काम मालकाचं आणि सोसायटीचं. पाणी खोलीच्या बाजूला धरलं तर दोष गार भिंतीचा, आणि कपाट सुटं असेल तर भाडेकरूने ते चार बोटं पुढे ओढावं. पायांवरचं लोखंडी कपाट त्यासाठी सर्वांत सोयीचं. पण बाहेरच्या भिंतीला स्क्रूने ठोकलेला वॉर्डरोब ओढणार कसा? तिथे मागच्या प्लायला वर-खाली भोकं पाडून जाळी बसवणं हा उपाय, आणि त्याला परवानगी व खर्च दोन्ही मालकाचे. ओलसर घरांचा संबंध दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच नोंदवलं आहे, तेव्हा ही किरकिर निव्वळ वासाची नाही. अकरा महिन्यांचा करार करताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचं कलम मालक न विसरता घालतो. त्याच्याच खाली बुरशीसाठी एक ओळ घालून घ्यावी, आणि मे महिन्यात कोरडं ठणठणीत दिसणाऱ्या फ्लॅटमध्ये वॉर्डरोबचा तळाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागच्या प्लायचा फोटो घ्यावा. गेल्या पावसाचे डाग तिथे सहसा पुसलेले नसतात.